नागीण म्हणून सांगितलेलं दुखणं

लग्नानंतरचा दुसरा उन्हाळा होता. बदनापूरला सासरच्या घरात पुढच्या खोलीत मी छोटं पार्लर चालवत होते. एक फिरती खुर्ची, भिंतीवर मोठा आरसा, दाराला पडदा. लग्नसराई असल्यामुळे सकाळपासून बायका यायच्या. नवरा जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत कामाला. सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळच्या गाडीनं यायचा. घरात सासू, थोरले दीर, जाऊ आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी. ती पोर दिवसभर माझ्याच मांडीवर असायची.

आधी नुसती कणकण आली. मग जांघेत गाठी आल्यासारखं दुखायला लागलं. दिवसभर उभं राहून काम करते, त्यानं असेल म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी लघवीला बसले आणि अशी आग झाली की ओढणीचा बोळा तोंडात धरला. त्यानंतर मी मोरीत गेले की आधी नळ सोडायची, म्हणजे बाहेर आवाज जायला नको.

"उष्णता झाली तुला," जाऊ म्हणाली. "दिवसभर त्या खोलीत पत्र्याखाली उभी राहती. मंग काय होईन?"

तिनं धन्या-जिऱ्याचं पाणी करून दिलं. मी ते प्यायले. पाणी जास्त प्यावं तर लघवीला जास्त जावं लागे, म्हणून मग पाणीच कमी केलं. दुपारी सगळे झोपल्यावर पार्लरमधला हातआरसा घेऊन मी मोरीत गेले, कडी लावली आणि पाहिलं.

पाण्यानं भरलेले बारीक फोड होते, झुबक्यानं. काही फुटले होते. मी आरसा पालथा ठेवला आणि तशीच ओल्या फरशीवर बसून राहिले. लोकांच्या चेहऱ्यावरचा एकेक पुटकुळीचा डाग मी दिवसभर बघायची, कशानं झालंय ते सांगायची. हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. पण हे कुणाला दाखवायचं नाही एवढं मला न सांगता समजलं.

पार्लरचं सामान आणायचं म्हणून मी जालन्याला गेले आणि एका लेडी डॉक्टरकडे नंबर लावला. आत घेतलं तेव्हा दार उघडंच राहिलं होतं. बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड तपासलं, हात धुतले आणि खुर्चीवर बसता बसता विचारलं, "मिस्टर बाहेरगावी असतात का? का तुमचंच काही...?"

त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. मला वाटलं, बाहेरचा प्रत्येक कान आता माझ्या उत्तराकडे लागलाय. मी मान हलवली, ती कशाला हलवली ते मलाही माहीत नव्हतं.

"हर्पिस आहे. गोळ्या लिहून देते, बसतील फोड. पण आजार जात नाही. परत येत राहतो. आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली.

त्या शेवटच्या वाक्यानंतर मी मेडिकलमध्ये कशी गेले, रिक्षात कशी बसले, काही आठवत नाही. स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर बसून मी मोबाइलवर तो शब्द टाकला. जे फोटो समोर आले ते मला बघवेनात. शेजारी एक म्हातारा येऊन बसला, तसा मी मोबाइल मांडीवर उलटा केला. तो गेल्यावर परत पाहिलं. कुठंतरी मराठीत लिहिलं होतं, हर्पिस म्हणजे नागीण. तो शब्द मला आधारासारखा वाटला. नागीण आमच्या गल्लीत दोघा-तिघांना होऊन गेली होती. नागीण झालेल्या माणसाला लोक भेटायला येतात, त्याच्या चारित्र्याबद्दल बोलत नाहीत.

घरी आल्यावर जाऊनं पिशवीतल्या गोळ्या पाहिल्या. "कशाच्या गं एवढ्या गोळ्या?"

"नागीण झालीय म्हणल्या डॉक्टर."

"अगं बाई! कुठं?"

"कमरेखाली."

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकाला टेकलं की माणूस हातचा जातो, असं त्या मनापासून मानायच्या. "टेकलं तर न्हाई ना?" त्यांनी विचारलं. "बराबर पाह्यलं का तू?" त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. मला रडू आलं. त्यांना वाटलं दुखतंय म्हणून रडते.

त्या रात्री त्यांनी मला भाकरी थापू दिली नाही. दोन दिवस घरातल्यांनी माझी फार काळजी घेतली. तिसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "अंबडकडं एका वस्तीवर एक बाई हाय. नागीण बांधती. उद्या जाऊ आपण."

मी खूप नाही म्हणाले. गोळ्यांनी फरक पडतोय, काम खोळंबतंय, ऊन फार आहे. त्यांनी ऐकलं नाही. नवराही म्हणाला, "जाऊन ये. आईच्या मनाला बरं वाटंल."

अंतरवाली सराटीच्या अलीकडं रस्त्याला उतरून आम्ही आत चालत गेलो. दोन्ही बाजूला नांगरून पडलेली रानं. सोसाट्याचा वारा आणि धूळ. आत्याबाई पुढं आणि मी मागं, पाय फाकवत, कारण कापड घासलं की जीव जात होता. वाटेत मला एकदा वाटलं, इथंच बसून खरं सांगावं. पण खरं म्हणजे काय, ते मला तरी कुठं माहीत होतं? माझ्या आयुष्यात नवऱ्याशिवाय कुणी आलं नव्हतं. मग हे आलं कुठून? या प्रश्नाचं एकच उत्तर निघत होतं, आणि त्याच्याकडं बघायला मी भीत होते.

ती बाई वयस्कर होती. तिनं वाटीत तांबडी काव कालवून ठेवली होती, कडुलिंबाचा पाला होता. आत्याबाई कोपऱ्यात बसल्या.

"दाव," बाई म्हणाली.

"अवघड जागी हाय," मी म्हणाले.

"बाईला बाईची कशाची लाज?" आत्याबाई म्हणाल्या.

मी दाखवलं. बाईनं वाकून पाहिलं, थोडा वेळ पाहिलं आणि वाटी बाजूला सरकवली.

"ही नागीण न्हाई. नागीण एका अंगानं पट्टा धरून जाती." ती माझ्याशी नाही, आत्याबाईंशी बोलत होती. "ही गरमी हाय. मी हात न्हाई लावणार."

गरमी हा शब्द मी लहानपणी ऐकला होता. गावातल्या एका बाहेरख्याली माणसाबद्दल मोठी माणसं तो कुजबुजत म्हणायची, आणि आम्हा पोरींना त्याच्या ओट्यावर जायची बंदी होती. आत्याबाई उठल्या. माझ्याकडं न बघता चपला घातल्या. परत येताना जीपमध्ये त्यांनी आपली पिशवी आम्हा दोघींच्या मध्ये ठेवली.

घरी आल्यावर कुणी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी माझं ताट वेगळं वाढलेलं दिसलं, कडेला पोचा आलेलं जुनं ताट. दुसऱ्या दिवशी मोरीत माझी बादली आणि मग्गा वेगळा. जाऊची पोर नेहमीसारखी धावत माझ्याकडं आली, तर जाऊनं तिला मधेच उचललं. पोर रडायला लागली. "काकूला बरं न्हाई," जाऊ म्हणाली, आणि तिचा हात ओल्या फडक्यानं पुसला, मी शिवले नव्हते तरी.

तेव्हा मला सगळ्यात मोठी भीती वाटली. मी त्या पोरीला काही दिलं तर नाही ना? आठवडाभर ती माझ्या मांडीवर होती, मी तिचे मुके घेतले होते. माझ्या खुर्चीत बसून गेलेल्या बायकांचं काय? मी त्यांच्या कपाळाला, ओठांना हात लावला होता. मी पार्लर बंद ठेवलं. दाराला, तब्येत बरी नाही, अशी पाटी लावली आणि पडद्यामागं अंधारात बसून राहिले. बाहेर चपलांचा आवाज आला की श्वास रोखायची. कळलं असेल का? जाऊनं कुणाला सांगितलं असेल का?

आत्याबाईंनी नवऱ्याला सांगितलं ते मला आतून ऐकू आलं. सगळे शब्द नाही, पण "गरमी" ऐकू आलं आणि "तिच्या माहेरच्याला बोलाव" हे ऐकू आलं. मग तो खोलीत आला, शर्ट काढून खुंटीला लावला, पाणी प्यायला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. सकाळी गाडीला गेला. दुसरा दिवसही तसाच गेला. मी त्याचा अर्थ एकच लावला. त्याला माझ्यावर संशय आहे.

माझे वडील साधे माणूस. त्यांना बोलावून या ओट्यावर बसवायचं आणि लेकीबद्दल असलं ऐकवायचं, हे सारखं डोळ्यासमोर यायचं. भाऊ तर मला घरातच घेणार नाही असं वाटायचं. आणि या सगळ्याच्या खाली ती दुसरी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली. तेही निघालं तर?

मी कुणाला न सांगता जालन्याला सरकारी दवाखान्यात गेले. तिथं गुप्त आजारांची वेगळी खोली असते, असं मोबाइलवर वाचलं होतं. खोली सापडायला वेळ लागला, कारण विचारायची लाज वाटत होती. शेवटी दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. ओढणी नाकापर्यंत ओढली.

शेजारी बुरख्यातली एक बाई बसली होती. तोंडावरचा पडदा वर केलेला. वयानं माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढं धरली.

"पी. होंठ सूख गए तेरे."

मी नको म्हणाले. मनात आलं, माझं उष्टं पाणी ही प्यायली तर.

तिला ते समजलं असावं. ती हसली. "पी गं. बाटलीनं न्हाई होत. मेरेकू भी वोच है."

मी तिच्याकडं बघतच राहिले. धडधाकट बाई, हातात हिरव्या बांगड्या, नखांना मेंदी. मी मोबाइलवर पाहिलेल्या फोटोंशी तिचं काहीच जुळत नव्हतं.

"तुम्हाला कधीपासून?"

"मेरी बेटी पाळण्यात होती तवापासून. आता कॉलेजला जाती मंठ्याहून." ती अर्धं मराठी, अर्धं तिच्या घरातलं बोलत होती. मंठ्याला तिचं शिलाईचं काम होतं. "पयले मैं भी ऐसीच बैठती थी. मुंडी नीचे. मंग एक दिन सोचा, कायकू? चोरी की क्या मैंने?"

"घरी माहीत आहे?"

"सास को मरेपर्यंत न्हाई सांगितलं. अकेलीनंच सोसलं. बहोत बुरे गए वो दिन." तिचा आवाज बदलला. "तू नक्को करू ऐसा. नंबर दे तेरा."

मी नंबर दिला. अनोळखी बाईला नंबर देताना एरवी मी दहा वेळा विचार केला असता.

आतल्या समुपदेशक बाईंनी मी आत गेल्यावर सगळ्यात आधी दार लावलं. बस, एवढंच. आणि माझा बांध फुटला. त्यांनी मला रडू दिलं. मग सगळं विचारलं, ओळीनं, जसं पोटदुखीबद्दल विचारावं तसं. त्यांनी सांगितलं की नागीण वेगळी आणि हे वेगळं, नावं जवळची असली तरी. ताटानं, बादलीनं, कपड्यानं हे होत नाही. पोरीला मांडीवर घेतल्यानं होत नाही. फोडाला हात लागला तर साबणानं धुवायचा, बास. पार्लर बिनधास्त चालवायचं. आजार शरीरात राहतो हे खरं, पण दिवस जातील तसा त्याचा जोर बहुतेकांचा कमी होतो, आणि गोळ्या आहेत.

"मला झालं कुठून?" मी विचारलं.

"तपासणीवरून ते सांगता येत नाही. कित्येकांना हा असतो आणि पत्ताच नसतो. वर्षानुवर्षं. मिस्टरांना घेऊन या."

"ते येणार नाहीत."

"विचारलं का तुम्ही?"

मी विचारलं नव्हतं. आम्ही दोघं कितीतरी दिवसात बोललोच नव्हतो.

त्यांनी रक्त घ्यायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मी बाकावर बसून होते. मंठ्याच्या बाजी, मी त्यांना तेव्हापासून थोरल्या बहिणीसारखं बाजीच म्हणते, त्यांचं काम कधीच झालं होतं, त्यांची बसही गेली होती, पण त्या उठल्या नाहीत. माझा गुडघा इतका थरथरत होता की बाक हलत होतं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून तो दाबून धरला. आतून हाक आली. एचआयव्ही नव्हता. मी बाहेर येऊन नुसती मान हलवली, आणि बाजी म्हणाल्या, "या अल्ला, चल अब चाय पिला."

त्या दिवशी मी घरी न जाता बदनापूरच्या स्टेशनवरच थांबले. नवऱ्याची गाडी यायची होती. घरात बोलायला जागा नव्हती, भिंतीला कान होते. तो उतरला, मला पाहून दचकला.

"काय झालं? इथं कामून बसली?"

"बसा जरा."

गाडी गेली. फलाट मोकळा झाला. मी सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टर, दवाखाना, तपासणी. "तुम्हाला माझ्यावर संशय असंल तर तोंडावर सांगा. मी माझ्या पायानं माहेरी जाते. पण मी काही केलं न्हाई."

तो रुळांकडं बघत होता. "मला संशय न्हाई."

"मंग?"

"मला येतात फोड." त्यानं हे इतक्या हळू म्हटलं की मला पुन्हा विचारावं लागलं. "मलाबी येतात. कधीमधी. दोन-चार दिवसात जातात. मला वाटायचं उष्णता. पुण्याला कंपनीत होतो तवापासून."

मी त्यालाच बोलू दिलं.

"एक जण होती तिथं. लग्न करणार होतो आमी. न्हाई झालं." तो थांबला. "आईनं गरमी म्हणलं, तवा माझ्या डोक्यात ते आलं. एकदम आलं."

"आन् तुम्ही गप बसले? माझं ताट वेगळं केलं, पोरीला माझ्यापासून हिसकलं. तुम्ही रोज बघत होते."

"भ्यालो."

"मी भ्याले नव्हते?"

त्याचे डोळे भरून आले होते आणि मला त्याची दया आली नाही. राग आला. त्याच्या त्या मुलीचा नाही आला, ती कोण होती, कशी होती, मला आजही माहीत नाही आणि मी विचारलं नाही. राग आला तो त्या भिंतीकडं तोंड करून झोपण्याचा. मी म्हणाले, "मला काही नको. आत्याबाईला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं."

त्यानं डोळे पुसले. मग "हं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पार्लर उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक आलं, शेजारच्या गल्लीतली मुलगी, भुवया करायला. मी दोरा दातात धरला आणि तेवढ्यात आतून नवऱ्याचा आवाज आला. तो त्या दिवशी कामाला गेला नव्हता.

"आई, तिला ते माझ्यामुळं झालं."

"काय बोलून राह्यला तू?"

"माझ्यामुळं. लग्नाच्या आधीचं हाय. तिचा काही दोष न्हाई. तिच्या माहेरी फोन करू नको."

त्यानंतर भांडं पडल्याचा आवाज. माझ्या हातातला दोरा थांबला होता.

"काय झालं ताई?" खुर्चीतल्या मुलीनं डोळे मिटूनच विचारलं.

"काही न्हाई. डोळे उघडू नको." माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तिला ते दिसायला नको होतं.

मुलगी गेल्यावर आत्याबाई पडदा बाजूला करून आल्या. बराच वेळ आरशासमोरच्या बाटल्यांकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्या म्हणतील, पोरगा बायकोला वाचवायला खोटं बोलतोय. "जेवून घे," त्या म्हणाल्या. एवढंच. आत गेले तर सगळ्यांसारखंच ताट होतं. माफी कुणी मागितली नाही. जाऊनं मात्र आपला साबण वेगळा ठेवला तो आजतागायत वेगळाच आहे. मी तिला समुपदेशक बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पोर पुन्हा माझ्याकडं यायला लागली, पण आई बघत नसेल तेव्हाच. लेकराला असं लपूनछपून यायला लागतंय याचं मला वाईट वाटायचं, आणि जाऊची भीतीही कळायची. मी स्वतः तिच्यासारखीच भीत होते.

नवरा माझ्याबरोबर जालन्याला आला. दवाखान्यात दारापाशी त्याचे पाय अडखळले, तेव्हा मीच त्याचा दंड धरला. आमच्यात पहिल्यासारखं व्हायला खूप दिवस लागले. काही गोष्टी पहिल्यासारख्या झाल्या नाहीतच.

फोड परत आले. मग परत आले. मांडीत मुंग्या यायला लागल्या की मला समजायचं. दर वेळी तेवढीच भीती वाटायची, आता वाढेल, आता कुणाला दिसेल. मी बाजींना फोन करायची. त्या शिलाई मशीन चालवता चालवता बोलायच्या, मागं खटखट ऐकू यायची. "गोली ली क्या? सूती कपडा पहन. और रो नक्को, रोने से जल्दी न्हाई जाता." कधी त्याच फोन करायच्या आणि त्या दिवशी त्यांनाच रडायचं असायचं.

आणि मग मला दिवस गेले.

घरात आनंद झाला. मी मात्र रात्रंदिवस एकच विचार करत होते. बाळाला होतं. हे मी वाचलं होतं. बाळंत होताना बाळाला लागलं तर बाळ वाचणं मुश्किल. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं की गरोदरपणाच्या शेवटी पहिल्यांदा झालं तर जास्त धोका असतो, तुम्हाला आधीचं आहे, तुमचा धोका कमी आहे. शेवटच्या महिन्यात रोज गोळी घ्यायची. कळा सुरू झाल्या की तपासणार, फोड असेल तर सिझर. कमी आहे म्हणजे नाही असं नव्हे, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. शेवटच्या महिन्यात मी गोळी घेतली की रिकामं पाकीट पुन्हा पुन्हा बघायची, खरंच घेतली का म्हणून. दुसरं कुणी माझ्यासाठी काळजी करतंय हे मला दिसलंच नाही.

पहाटे कळा सुरू झाल्या. जालन्याला पोचलो तेव्हा उजाडलं होतं. वॉर्डात गर्दी होती. नर्सनं कागद भरता भरता मोठ्यानं विचारलं, "बीपी, शुगर, कावीळ, आणखी काही आजार?" आजूबाजूला चार-पाच खाटा, प्रत्येकीची माणसं. गावाकडची एक ओळखीची बाईही होती तिथं, लेकीला घेऊन आलेली. मला सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि त्या बाईकडं बघून मिटलं. फाईल नवऱ्याजवळ, आणि नवऱ्याला दाराबाहेर ठेवलेलं.

"हिला हरपीस हाय," आत्याबाई म्हणाल्या.

वॉर्डात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तो शब्द त्यांनी कधी शिकला, कुणाकडून, मला माहीत नाही. घरात त्यांच्या तोंडून मी तो कधी ऐकला नव्हता.

"काय?" नर्स म्हणाली.

"हरपीस. आधी डॉक्टरला बलवा. आधी बराबर तपासू द्या, मंग पुढचं. शेवटच्या महिन्याच्या गोळ्या घेतल्यात तिनं, एकबी चुकली न्हाई. मी पाह्यलंय."

ओळखीची बाई आमच्याकडं बघत होती. आत्याबाईंनी तिच्याकडं सरळ पाहिलं, ती दुसरीकडं बघेपर्यंत.

डॉक्टर आल्या. दिवा लावून नीट तपासलं. तेवढ्या वेळात मला कळांचं भान नव्हतं, मी फक्त त्यांचा चेहरा बघत होते. "काही नाहीये. साफ आहे," त्या म्हणाल्या. "होऊ द्या नॉर्मल."

दुपारी मुलगी झाली. ती रडली, माझ्या छातीवर ठेवली, आणि मी पहिलं काम काय केलं तर तिचं डोकं, कान, बोटांच्या बेचक्या तपासल्या. पुढं कितीतरी दिवस मी तेच करत होते. एकदा तिच्या मानेवर लाल पुरळ दिसलं आणि मी भर उन्हात तिला घेऊन पळाले. डॉक्टर म्हणाले घामोळ्या आहेत. तरी मी दुसऱ्या दिवशी परत गेले.

बारशाला बाजी मंठ्याहून आल्या. स्वतः शिवलेली झबली घेऊन. मी आत्याबाईंना एवढंच सांगितलं होतं की दवाखान्यात ओळख झाली. बायका गेल्यावर बाजी चहा घेत बसल्या होत्या, बाळ आत्याबाईंच्या मांडीवर होतं. आत्याबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं.

"तुमालाबी तेच का?"

बाजींनी कप खाली ठेवला. "हौ," त्या म्हणाल्या.

"मंग तुमच्या पोरीला..." आत्याबाईंनी मांडीवरच्या बाळाकडं पाहिलं. त्यांना पुढचं विचारवेना. गेले कित्येक महिने आत्याबाई माझ्याइतक्याच भ्यालेल्या होत्या, आणि त्यांना कुणाला विचारायची सोय नव्हती.

"कुछ न्हाई हुआ मावशी. बिलकुल न्हाई. एकदम तंदुरुस्त है. कॉलेजला जाती, मला उलटं बोलती."

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग बाळाला उचललं आणि बाजींच्या मांडीवर दिलं. "धरा जरा," त्या म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी जेवायचं बघते."